जासूद ते नागास्त्र : नजर आणि निर्णय यांचा इतिहास

शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव पहिल्या बाजीरावाने मस्तानीला केंदूर आणि लोणी या गावांसह इनाम दिले होते, आणि १७४० मध्ये निधन पावलेल्या मस्तानीची कबरही तेथेच आहे. याच बाजीरावाच्या युद्धतंत्राची मदार चपळ घोडदळाइतकीच बातमीवर होती. १७२८ मध्ये पालखेड येथे निजामाला पाण्यावाचून कोंडणे, शत्रूच्या हालचालींची अचूक खबर नसती तर शक्य झाले नसते. अशी खबर आणणारा जासूद, म्हणजे पत्रे पोहोचवणारा आणि हेरगिरीही करणारा नोकर, केवळ नजर पुरवीत असे. चाल करून जाण्याचा निर्णय सरदाराचा असे.

ड्रोन, म्हणजे मानवरहित विमान, आरंभी या जासुदाचाच वारस होते. आयडियाफोर्ज ही कंपनी आणि पुण्याजवळच्या दिघी येथील संरक्षण संशोधन संस्था यांनी मिळून विकसित केलेले ‘नेत्र’ हे विमान नावाप्रमाणे टेहळणीपुरतेच होते. नजर आणि आघात एका यंत्रात आले ते घिरट्या घालणाऱ्या अस्त्रात, म्हणजे लक्ष्य सापडेपर्यंत आकाशात थांबून नंतर स्वतःसह त्यावर आदळणाऱ्या विमानात. २०२४ मध्ये नागपूरहून लष्कराला मिळालेले सुमारे ९ किलो वजनाचे ‘नागास्त्र-१’ याच जातीचे असून, चालकाच्या नियंत्रणाखाली त्याचा पल्ला १५ आणि स्वयंचलित उड्डाणात ३० किलोमीटर आहे. मात्र हल्ला रद्द करून ते पॅराशूटने परत उतरवता येते, म्हणजेच मागे फिरण्याचा निर्णय अद्याप माणसाच्या हाती आहे.

पूर्णतः स्वायत्त ड्रोन, म्हणजे लक्ष्य स्वतः निवडून आघात करणारे यंत्र, हा दुवाही तोडते. तरीही त्यामुळे मानवी निर्णय नाहीसा होत नाही, तर तो रणांगणावरून मागे सरकून, लक्ष्य कशाला म्हणावे हे संगणकीय आज्ञावलीत लिहिले जाते त्या क्षणी आणि त्या जागी जातो. ती जागा आता तोफांच्या कारखान्याएवढी मोठी असण्याचे कारण उरलेले नाही, हे युक्रेनमधील लहान कार्यशाळांत जुळवलेल्या ड्रोनांनी दाखवले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅबलॅब, म्हणजे संगणकनियंत्रित यंत्रांनी जवळजवळ कोणतीही वस्तू घडवता येणारी कार्यशाळा, उभी राहिली ती शिक्षणासाठी आणि खेड्यांच्या गरजांसाठी. परंतु अशी साधने खेड्यापर्यंत पोहोचल्यावर, पूर्वी सरदाराला विचारला जाणारा जाब यापुढे यंत्र घडवणाऱ्यालाही विचारावा लागेल.