पुनर्मुद्रित नाणी, क्षहरात-सातवाहन

एका राजाने पाडलेल्या नाण्यांवर दुसऱ्या राजाने आपला ठसा उमटवून पुन्हा चलनात आणलेली नाणी. महाराष्ट्रात याचे सर्वांत मोठे उदाहरण जोगळटेंभी (ता. सिन्नर, जि. नासिक) येथे १९०६ मध्ये सापडलेल्या निधीत आढळते. त्यातील सु. १३,२५० चांदीची नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची असून सु. ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला आहे. रेव्ह. एच्. आर्. स्कॉट यांनी या निधीचा अभ्यास प्रसिद्ध केला.

नहपानाच्या नाण्यांच्या दर्शनी बाजूवर राजाचे मस्तक व ग्रीक लिपीतील लेख, तर मागील बाजूवर बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख असतात. मस्तकाची घडण रोमन दीनारांवरून स्फुरली असावी, असे काही नाणकशास्त्रज्ञ मानतात. भडोच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी येत आणि स्थानिक चलनाशी त्यांचा विनिमय फायदेशीर ठरे, अशी नोंद पेरिप्लस  या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात आहे. गौतमीपुत्राने ही नाणी आटविली नाहीत. त्याने त्यांच्या एका बाजूवर चैत्यचिन्ह व आपले नाव आणि दुसऱ्या बाजूवर उज्जयिनी-चिन्ह उमटविले. अनेक नाण्यांवर जुन्या मस्तकाचे अवशेष नव्या ठशाखाली स्पष्ट दिसतात.

या कृतीमागील संघर्षाची साक्ष नासिकच्या लेण्यांत मिळते. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण श्रेणींकडे व्याजाने ठेवल्याचा लेख तेथे आहे. अशा दानांचे व व्यापाराचे व्यवहार नाण्यांवर चालत. म्हणून चांदीचे मूल्य कायम ठेवून केवळ सत्तेची खूण बदलणे हा सोयीचा मार्ग होता. गौतमीपुत्राच्या १८ व्या राज्यवर्षातील लेखात पूर्वी उषवदाताकडे असलेले शेत भिक्षूंना दिल्याचा उल्लेख असून, त्याची माता बलश्री हिच्या लेखात त्याला क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद करणारा म्हटले आहे. त्याच लेखातील त्याच्या सत्तेखालील प्रदेशांत विदर्भ येतो.

या संघर्षाचा संबंध भंडारा जिल्ह्याशीही जोडण्यात आला आहे. वैनगंगेच्या काठावरील पवनी येथे महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा छायास्तंभ मिळाला असून, क्षत्रपांचा प्रभाव पूर्व विदर्भापर्यंत पोहोचल्याचे तो सुचवितो. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे केलेल्या उत्खननात बौद्ध स्तूपांचे अवशेष उघडकीस आले. नासिकच्या उपर्युक्त लेखातील ‘बेनाकटक’ या शब्दाचा अर्थ वा. वि. मिराशी यांनी वैनगंगेचा परिसर असा लावला. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याच्या तिरोडी ताम्रपटात बेण्णाकटाचा निर्देश आहे. हे मत ग्राह्य मानल्यास क्षत्रपांविरुद्धच्या उठावाचा आरंभ वैनगंगेच्या खोऱ्यात झाला, असे म्हणता येते. याउलट, काही अभ्यासक बेनाकटक हे नासिकजवळील गोवर्धन विभागातील स्थळ समजतात.

नहपानाचा काळ वादग्रस्त आहे. त्याच्या लेखांतील ४१ ते ४६ ही वर्षे शक संवताची मानल्यास ती इ. स. ११९ ते १२४ येतात. अलीकडील अनेक नाणकशास्त्रज्ञ मात्र त्याला पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवतात.

रोमन साम्राज्यातही याला समांतर उदाहरण आहे. जूडीआतील बार कोखबाच्या बंडात (१३२–१३५) बंडखोरांनी रोमन नाण्यांवर मंदिर, ताडवृक्ष इ. चिन्हे उमटविली. तेथे बंड मोडले गेले आणि ही नाणी दुर्मिळ स्मृतिचिन्हे ठरली. महाराष्ट्रात सत्तांतर यशस्वी झाले व पुनर्मुद्रित नाणे हेच राजमान्य चलन बनले. राजवंशांच्या प्रशस्तीत अतिशयोक्ती संभवते. परंतु एकाच निधीतील हजारो नाण्यांवरील दुहेरी ठशांमुळे नहपानाच्या पाडावाला स्वतंत्र पुरावा मिळतो.