पेटीची किल्ली कुणाकडे?



आपल्या गटाची बैठक डोळ्यांसमोर आणा. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडे, वही तिसरीकडे. बँकेतून पैसे काढायचे तर आधी ठराव, मग दोघींच्या सह्या. अध्यक्षा कितीही सज्जन असली तरी पेटी आणि किल्ली आपण तिच्या एकटीच्या हाती देत नाही. तिच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. घरात अडचण आली की भल्याभल्यांचा हात पेटीकडे जातो, हे आपल्याला ठाऊक आहे म्हणून.

आज सांगणार आहे ती देशाच्या पेटीची गोष्ट. तिची किल्ली कुणाकडे असावी, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे.

सरकारला खर्चासाठी पैसा तीन वाटांनी मिळतो: कर, कर्ज आणि नव्या नोटा. पहिल्या वाटेवर आपल्या संविधानाने मोठं कुलूप लावलं आहे. कलम 265 म्हणतं, कायद्याशिवाय कर घेता येणार नाही. कलम 266 म्हणतं, कायद्याशिवाय सरकारी निधीतून पैसा काढता येणार नाही. म्हणून तर दरवर्षी अर्थसंकल्प संसदेपुढे ठेवतात. तो एक प्रकारे देशाचा ठरावच.

पण तिसरी वाट मागच्या दाराची आहे. माल तेवढाच राहिला आणि नोटा वाढल्या, की भाव चढतात. कुणी घरी येऊन कर मागत नाही, तरी तुमच्या शंभराच्या नोटेत पूर्वीइतकी डाळ येत नाही. कराची निदान पावती मिळते. महागाईची पावती मिळत नाही.

हा धोका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार आधी ओळखला होता. 1923 साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये छापून आला. रुपये किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडू नका, त्याला कायद्याने मर्यादा घाला, असं त्यांनी त्यात मांडलं. चलनाची चौकशी करायला इंग्रज सरकारने हिल्टन यंग आयोग नेमला, तेव्हा 1925 साली त्यांनी आयोगापुढे साक्षही दिली. नोटा काढण्याचं काम सरकारकडून काढून वेगळ्या बँकेकडे द्यावं, अशी शिफारस त्या आयोगाने केली. पुढे 1934 चा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1935 रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली.

बँक वेगळी झाली, पण किल्ली खरोखर वेगळी झाली का? चारच वर्षांत दुसरं महायुद्ध पेटलं आणि त्याचं उत्तर मिळालं.

इंग्लंडला इथून धान्य, कापड, ताग, सैन्याचा सगळा सरंजाम हवा होता. व्यवहार असा ठरला: इथला खर्च रुपयांत भागवायचा आणि इंग्लंडच्या वाट्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा करायचे. त्या पौंडांच्या तारणावर रिझर्व्ह बँक इथे नोटा काढत गेली. म्हणजे माल गेला, उधारीची चिठ्ठी आली आणि चिठ्ठीवर नोटा छापल्या. 1939 ते 1945 या काळात देशातल्या नोटा सहापट झाल्या.

या पैशाचा भार कुणी उचलला? 1943 साली बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि 20 ते 30 लाख माणसं गेली. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता, वादळ झालं होतं, साठेबाजी होती, सरकारने नावाही काढून घेतल्या होत्या. पण अमर्त्य सेन यांनी पुढे अभ्यास करून दाखवलं की युद्धखर्चाने भाव भडकले आणि शेतमजूर, कोळी, गावातले कारागीर यांची कमाई मागे पडली. बाजारात तांदूळ होता, त्यांच्या हातात तेवढे पैसे नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पण माणूस आपला असला तरी युद्धाचा खर्च ठरत होता परक्या सरकारच्या हुकमाने. त्या खर्चासाठी इथल्या बाईमाणसाला कुणी विचारलं नव्हतं.

स्वातंत्र्य आलं. 1 जानेवारी 1949 रोजी बँक देशाच्या मालकीची झाली. आता सरकार आपलं, बँक आपली, मग भांडण कशाचं? भांडण होतंच, कारण खर्च करणारा आपला असला तरी त्याला पैसे कमीच पडतात.

1955 साली सरकार आणि बँक यांच्यात आपसांत ठरलं की सरकारच्या खात्यातली शिल्लक 50 कोटींच्या खाली गेली की सरकार एक हुंडी लिहून देईल आणि बँक तेवढे पैसे खात्यात भरेल. तात्पुरती सोय होती ती. पण आपल्याला ठाऊक आहे, हातउसनं घ्यायची सवय लागली की काय होतं. जुनी चिठ्ठी संपली की नवी. 1974 नंतर या चिठ्ठ्यांवर व्याज होतं वर्षाला 4.6 टक्के. आपल्यातले किती गट महिन्याला शेकडा दोन घेतात, आठवून बघा. एवढं स्वस्त कर्ज मिळत असेल तर हात कोण आखडेल?

तक्रार करणाऱ्याचं काय झालं, तेही सांगते. 1957 च्या जानेवारीत गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी राजीनामा दिला. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी त्यांचं जमलं नाही. बँक हा सरकारच्याच कारभाराचा भाग आहे, असं पंतप्रधान नेहरूंनीही त्यांना कळवलं होतं.

आपल्या महाराष्ट्रातल्या बायका मात्र गप्प बसल्या नव्हत्या. 1972 साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईत हजारो जणी लाटणी आणि थाळ्या घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. दुष्काळ आणि साठेबाजी ही त्या महागाईची मोठी कारणं होती. पण अशा दिवसांत सरकार चिठ्ठ्यांवर पैसा उचलत राहिलं, तर आगीत तेलच पडतं. त्या थाळीच्या आवाजामागे हा हिशोबही होता.

अखेर 1994 साली करार झाला आणि 1997 पासून या हुंड्या बंद झाल्या. आता सरकारला तात्पुरती उचल मिळते, तीही ठरलेल्या मर्यादेत आणि मुदतीत परत करायची. 2003 च्या कायद्याने आणखी एक दार लावलं: 2006 पासून, काही अपवाद सोडले तर, बँक सरकारकडून थेट कर्जरोखे घेऊ शकत नाही.

मग सगळी सत्ता बँकेलाच द्यावी का? तेही बरं नाही. सरकार निदान पाच वर्षांनी आपल्या दारात येतं, बँकेचे अधिकारी आपण निवडून देत नाही. म्हणून 2016 साली कायद्यात बदल करून बँकेलाही जबाबदारी दिली: महागाई 4 टक्क्यांच्या आसपास, 2 ते 6 च्या आत ठेवायची. सलग तीन तिमाह्या ते जमलं नाही तर सरकारला पत्र लिहून कारण सांगायचं. 2022 साली असं पत्र लिहावं लागलं. पण ते जनतेसमोर ठेवलं नाही. आपल्या गटात सचिव म्हणाली, "हिशोब लिहिलाय, पण दाखवणार नाही," तर चालेल का?

आता ज्या रात्रीची आठवण सगळ्यांना आहे, तिच्याकडे येते. 8 नोव्हेंबर 2016. पाचशे-हजारच्या नोटा बंद. चलनातल्या एकूण रकमेपैकी 86 टक्के या नोटांत होती. माझ्या सासूबाईंनी तांदळाच्या डब्यात तळाला पाचशेच्या अकरा नोटा ठेवल्या होत्या. नवऱ्याला, मुलाला, कुणाला ठाऊक नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या घरासमोर काढून द्याव्या लागल्या. नोटा बदलून मिळाल्या, पण त्यांची गुपित शिल्लक गेली ती गेलीच. अशा किती डब्यांची झाकणं त्या आठवड्यात उघडली असतील!

खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. 2 जानेवारी 2023 रोजी निकाल लागला. पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितलं की सरकारची पद्धत कायद्यात बसते, बँकेशी सहा महिने विचारविनिमय झाला होता. एका न्यायमूर्तींनी वेगळं मत दिलं. त्या होत्या बी. व्ही. नागरत्ना. त्यांचं म्हणणं असं: नोटा बंद करण्याचा प्रस्ताव बँकेने स्वतःहून आणला तर अधिसूचना चालेल. इथे पत्र सरकारकडून 7 नोव्हेंबरला गेलं आणि 24 तासांत सगळं उरकलं. सरकारलाच हे करायचं असेल तर संसदेत कायदा करावा लागेल. 1978 साली मोठ्या नोटा बंद केल्या, तेव्हा कायदा केला होता.

निकाल चारांचाच लागू झाला. तरी त्या एका मताला मोल आहे. हेतू चांगला होता की वाईट, यावर ते मत नव्हतं. ठराव कुणी मांडला आणि सही कुणी केली, एवढंच त्यात विचारलं होतं. मैत्रिणींनो, हे तर आपण दर महिन्याला विचारतो.

म्हणून कुणी म्हणालं, "हे मोठ्या लोकांचं अर्थकारण, तुम्हाला काय कळणार," तर आपली वही दाखवा. खर्च करणारी एक, किल्ली दुसरीकडे, आणि हिशोब सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, हे आपण रोज पाळतो. देशाकडून मागायचंय तेही याहून वेगळं नाही.

पुढच्या बैठकीत कर्जवाटपाआधी पाच मिनिटं काढा आणि यावर बोला. वहीत तशी नोंदही करा.