नळी पळवू नको

किनवटकडच्या रानाला लागून आमची कोरडवाहू जमीन. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं एका रात्रीत वावर लोळवायची. म्हणून आज्जानं निजामाच्या राज्यातच ठासणीच्या बंदुकीचा परवाना काढला होता. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली, पुढं १९५९ चा हत्यार कायदा आला. परवान्याचा कागद बदलला, बंदूक तीच राहिली.

नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधीचा बोळा, छर्रे, पुन्हा बोळा; वरून गजानं ठासायचं. घोड्याखालची तांब्याची टोपी मात्र आज्जा जागेवर बसल्याशिवाय लावायचा नाही. बांध चढताना टोप्या खिशात. "टोपी नाय तवर ती काठीच," म्हणायचा. तरी त्या काठीचं तोंड कुणाकडं होऊ द्यायचा नाही.

खरा धोका हाक्यात. पंधरा-वीस गडी डबे वाजवत रानात शिरायचे आणि बंदूकवाला पुढं वाटेवर दबा धरून बसायचा. म्हणजे डुक्कर ज्या अंगानं येणार, त्याच अंगानं माणसंही येणार. त्यात पळत्या जनावरामागं नळी फिरते. डोळा जनावरावर असतो, नळी कुठवर गेली याचं भान राहत नाही. म्हणून आज्जा डुक्कर आधी पुढून जाऊ द्यायचा. नळी आभाळाकडं करून वळायचा आणि पाठमोऱ्या डुकरावर बार टाकायचा, तोही मागं हेरून ठेवलेल्या दोन पळसांच्या मधेच. पळसाबाहेर गेलं ते गेलं. "डुक्कर पळायलंय म्हणून तू नळी पळवू नको," हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

एका साली चुलता बसला होता. मी हाकेकऱ्यांत, दहा वर्षांचा. डुक्कर निघालं, चुलत्यानं चाप ओढला. टोपी फुटली, पण बार निघाला नाही. ठासणीच्या बंदुकीत असं होतं. दारू सर्दावली की बार क्षणभर मागं राहतो. तेवढा वेळ नळी जागच्या जागी धरायची असते. चुलता डुकरामागं वळतच राहिला आणि बार निघाला तेव्हा नळीसमोर आम्ही होतो. माझ्या शेजारच्या गड्याच्या मांडीत छर्रे घुसले. बैलगाडीत घालून तालुक्याला नेलं. जीव वाचला, पाय गेला तो गेलाच.

चुलता जन्मभर सर्द दारूला दोष देत राहिला. आज्जाला ते पटलं नाही, मलाही पटत नाही. १९७२ ला वन्यजीव कायदा आला, त्याच्या आधीच आमच्या घरचे हाके थांबले होते. त्या गड्याच्या घरी आज्जा दर सुगीला ज्वारीचं पोतं पाठवायचा. आज्जा गेला त्या साली कुणी न सांगता चुलत्यानंच पोतं गाडीत टाकलं.