भाकरी नको, हिस्सा हवा: मनुस्मृतीचा न वाचलेला श्लोक आणि आपली चळवळ

दरवर्षी 25 डिसेंबरला आपण मनुस्मृती दहन दिन पाळतो. शूद्रांविषयीचे, स्त्रियांविषयीचे श्लोक वाचून दाखवले जातात आणि ते ऐकून नव्या पोरांच्या मुठी आवळतात. पण नवव्या अध्यायातला 201 वा श्लोक आम्ही आजवर एकाही व्यासपीठावरून ऐकलेला नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत कोणाला वाटा मिळणार नाही, याची ती यादी आहे. नपुंसक, पतित, जन्मतः आंधळा, जन्मतः बहिरा, वेडा, मंदबुद्धी, मुका आणि ज्याचे एखादे इंद्रिय निकामी आहे असा कोणीही. पतित म्हणजे जातीबाहेर टाकलेला. जातीबाहेरचा माणूस आणि आंधळा माणूस मनूने एकाच रांगेत उभे केले आहेत.

त्याच्या लगेच पुढचा श्लोक आणखी महत्त्वाचा आहे. या सगळ्यांना जन्मभर अन्न आणि वस्त्र द्यावे, न देणारा पापी ठरेल, असे तो सांगतो. वरवर पाहता ही दया वाटेल. पण दोन्ही श्लोक जोडून वाचले की हिशोब उघड होतो. भाकरी द्या, हिस्सा देऊ नका. पोट भरा, पण हक्क सांगू देऊ नका.

हा हिशोब आपल्याला नवीन आहे का? गावकीची सगळी कामे करून दारोदार भाकरी मागणारा आपला पणजोबा याच हिशोबात अडकला होता. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेले ढोर ओढू नका, उष्टे खाऊ नका, असे सांगितले. 1928 मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल आणले. भाकरीच्या बदल्यात राबवून घेणारी व्यवस्था मोडणे हा त्यामागचा विचार होता. माणूस भाकरीवर जगतो, पण हिश्श्यावर उभा राहतो, हे आपल्या चळवळीने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. मग अपंग बांधवांच्या बाबतीत आपण अजून भाकरीवरच का थांबलो आहोत, हा आमचा प्रश्न आहे.

आधी इतिहास पाहू. मनूचा तो नियम पोथीत पडून राहिला नव्हता. इंग्रजांच्या न्यायालयांत तो हिंदू कायदा म्हणून चालत होता. जन्मांध मुलाला बापाच्या जमिनीत वाटा नाही, असे कायद्याच्या आधाराने म्हणता येत होते. 1928 मध्ये एक छोटा कायदा झाला आणि रोग, व्यंग किंवा शारीरिक-मानसिक दोष यामुळे वारसा नाकारता येणार नाही, असे ठरले. तरीही जन्मजात वेडे आणि मंदबुद्धी ठरवलेले लोक त्यातूनही वगळलेलेच राहिले. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडले, त्याचेच तुकडे करून 1955-56 मध्ये चार कायदे झाले. त्यातल्या 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 28 ने कोणताही रोग, दोष किंवा व्यंग यामुळे कोणाचाही वारसा जाणार नाही, असे सांगितले आणि अपवाद ठेवला नाही. हिंदू कोड बिल म्हणजे स्त्रियांचा प्रश्न, एवढेच आपण शिकवतो. या वारसा कायद्याने अपंगांचाही हिस्सा परत मिळवून दिला, हेही शिकवायला हवे.

मनूची दुसरी भिंत कर्माची. आंधळा जन्मला, म्हणजे मागच्या जन्मीचे पाप. अस्पृश्य जन्मला, तर तेही मागच्या जन्मीचेच पाप. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला. गरीब आणि दीनांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, एवढाच त्या सिद्धांताचा उपयोग आहे, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणून आपल्या घरात मूकबधिर मूल जन्मले आणि कोणी ‘काय पाप केले होते’ असे म्हणाले, तर त्या क्षणी आपल्या घरात मनू बोलतो आहे, हे समजून घ्या.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. विनयपिटकातल्या महावग्गातही आंधळे, मुके, बहिरे, हातपाय तुटलेले अशांना प्रव्रज्या देऊ नये, असे नियम आहेत. विरोधक ते दाखवतील. दाखवू द्या. जे बुद्धीला आणि समतेला धरून नाही ते तपासून बाजूला ठेवा, हे बाबासाहेबांनीच आपल्याला शिकवले. मनूला जाळताना आपली पिटके न तपासता डोक्यावर घेणारे आपण नाही.

आता संविधान. कलम 15 आणि 16 मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, अपंगत्व नाही. कलम 41 मध्ये बेकारी, म्हातारपण, आजारपण आणि विकलांगता असेल तर सरकारी मदतीचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत आणि राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. सातव्या अनुसूचीतही अपंगांचा विषय ‘साहाय्य’ म्हणूनच राज्य सूचीत गेला. म्हणजे अपंगांना आपली लढाई वेगळी लढावी लागणार होती, आणि ती त्यांनी लढली.

1977 मध्ये केंद्र सरकारच्या क आणि ड वर्गाच्या नोकऱ्यांत 3 टक्के आरक्षण आले, पण ते नुसत्या सरकारी आदेशाने. 1981 च्या जनगणनेत अपंगांची मोजणी झाली आणि 1991 मध्ये तो प्रश्नच गाळला गेला. डिसेंबर 1995 मध्ये अपंग कार्यकर्ते दिल्लीच्या रस्त्यावर उतरले आणि त्याच महिन्यात संसदेने अपंगांच्या समान संधीचा कायदा मंजूर केला. 2001 च्या जनगणनेत प्रश्न परत आला तोही संघर्ष करूनच. जातनिहाय जनगणना मागणाऱ्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. मोजले नाही, तर वाटाही देत नाहीत. कायदा होऊनही 3 टक्के कशाचे मोजायचे यावर सरकार कोर्टात भांडत राहिले. शेवटी ऑक्टोबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या प्रकरणात ते मोजण्याची पद्धत ठरवून दिली आणि तीन महिन्यांत अंमलबजावणी करा, असे बजावले. 2016 चा कायदा आला तेव्हा अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले आणि नोकरीतले आरक्षण 4 टक्के झाले.

या 2016 च्या कायद्यातले कलम 92 प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. अपंग व्यक्तीचा लोकांदेखत, हिणवण्याच्या हेतूने, मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा. ही भाषा ओळखीची वाटते ना? 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्यातली ती भाषा आहे. आपल्या लढ्यातून घडलेले शब्द आज दुसऱ्या वंचित समूहाची ढाल झाले आहेत. अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे, आणि आपल्यापैकी कितीजणांना ती ठाऊक आहे?

आरक्षणाचेही तसेच. 1992 च्या इंद्रा साहनी निकालाने उभे आणि आडवे आरक्षण असा फरक केला. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी हे उभे. अपंगांचे आडवे, म्हणजे सगळ्या उभ्या रांगांना छेदून जाणारे. अपंग कोट्यातून निवडलेला उमेदवार अनुसूचित जातीचा असेल तर तो त्याच रांगेत धरला जातो. त्यामुळे ‘अपंगांच्या आरक्षणाने आपल्या जागा जातात’ ही कुजबुज चुकीची आहे. उलट भीती दुसरी आहे. शाळा, प्रमाणपत्र, ब्रेल, श्रवणयंत्र, शिकवणी हे सगळे आधी ज्याच्या दारात पोहोचते, तोच आडव्या आरक्षणातही पुढे जातो. अपंगांच्या रांगेतही जात संपत नाही. 2011 च्या जनगणनेत देशात अपंगांचे प्रमाण 2.21 टक्के होते, अनुसूचित जातींत ते 2.45 टक्के. हा प्रश्न आपल्या वस्तीत जास्त आहे, आणि आपल्या अजेंड्यावर सगळ्यात कमी.

नावाचेही पाहा. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ शब्द सुचवला आणि सरकारी पाट्या बदलल्या. अनेक अपंग कार्यकर्त्यांनी विरोध केला. अंगात दिव्य काही नको, इमारतीला उतार हवा, असे त्यांचे म्हणणे. आपल्याला ‘हरिजन’ म्हटले गेले तेव्हा आपले म्हणणे याहून वेगळे होते का? देवाचे नाव चिकटवले की माणसाचा हक्क मागे पडतो. म्हणून या लेखात आम्ही अपंग हाच शब्द वापरला आहे.

मग करायचे काय? ज्यांच्या नावावरून 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहू. सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही कामात अपंगांशी भेदभाव करता येणार नाही, असे तिथल्या 1973 च्या कायद्याचे कलम 504 सांगत होते. त्याचे शब्द काळ्यांच्या लढ्यातून आलेल्या 1964 च्या नागरी हक्क कायद्यावरून घेतलेले. पण चार वर्षे नियमच निघेनात. 5 एप्रिल 1977 ला अपंग कार्यकर्ते सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कार्यालयात शिरले आणि सुमारे दीडशे जण तिथेच बसून राहिले. वॉशिंग्टनमध्ये असेच बसलेल्यांना अन्न पोहोचू दिले नाही, त्यांना दुसऱ्या दिवशी उठावे लागले. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र ब्लॅक पँथरचे लोक ओकलंडहून रोज गरम जेवण घेऊन आले. व्हीलचेअर वापरणारे ब्रॅड लोमॅक्स हे पँथर कार्यकर्ते आत बसलेल्यांपैकीच एक होते. जवळपास चार आठवडे धरणे टिकले आणि 28 एप्रिलला मंत्र्यांना नियमांवर सही करावी लागली.

इथेही भाकरीच आहे. पण मनूची भाकरी हिस्सा नाकारण्यासाठी होती, आणि पँथरची भाकरी हिस्सा मिळेपर्यंत माणसाला लढ्यात उभे ठेवण्यासाठी होती. आपण कोणती भाकरी वाटतो आहोत? जयंतीच्या मंचावर तीनचाकी वाटून फोटो काढायचा आणि त्या माणसाला भाषणासाठी माईक द्यायचा नाही, ही मनूचीच भाकरी आहे.

म्हणून यंदाच्या जयंतीपासून चार कामे धरू. प्रत्येक विहाराला उतार बांधू. मंचावर सांकेतिक भाषेचा दुभाषी उभा करू. वस्तीत अपंगत्व प्रमाणपत्राची आणि यूडीआयडी कार्डाची शिबिरे घेऊ. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के अपंग निधी कुठे खर्च केला, हे माहिती अधिकारात विचारू. आणि या सगळ्या कामांच्या समितीत अपंग बांधव आणि भगिनी लाभार्थी म्हणून नव्हे, पदाधिकारी म्हणून असतील.

येत्या 25 डिसेंबरला 201 वा श्लोक मंचावरून वाचला जाऊ दे. आणि तो वाचणारा आपल्या वस्तीतला अपंग कार्यकर्ता असू दे.

जय भीम!