पाटीपासून काचेपर्यंत

उमरीच्या शाळेतले पोर पाटीवर 'ग' गिरवते, तेव्हा हात जिथे, नजरही तिथेच. यात विशेष ते काय, असे गुरुजी म्हणतील. पण अक्षरे काढणाऱ्या कारागिराला हे साधे सुख फार काळ लाभले नाही.

१८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले. शिळेवर अक्षर उलटे असेल, तरच कागदावर सुलटे येई. पुढे संगणक आला. हात टेबलावरच्या माऊसवर आणि डोळे समोरच्या पडद्यावर! त्या माऊसने वेलांटीचा बाक एकदा काढून पाहा, म्हणजे कळेल. र. कृ. जोशी तर मूळचे सुलेखनकार. संगणकासाठी 'मंगल' हे अक्षरवळण त्यांनीच घडवले.

वास्तविक १९६३ मध्येच अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी प्रकाश-लेखणीने थेट पडद्यावर रेषा काढून दाखवली होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'सरफेस स्टुडिओ' पुढे आणला. २८ इंची पडदा, सारा संगणक त्याच्या बैठकीत. पडदा ओढला की तो चित्रकाराच्या फळीसारखा २० अंशांपर्यंत कलतो आणि लेखणी काचेवरच चालते. हात नि नजर पुन्हा एकत्र आले.

मोल मात्र २,९९९ डॉलरपासून, म्हणजे तेव्हाचे सुमारे दोन लाख रुपये. खेड्यातल्या चित्रकलेच्या मास्तरांनी ते कुठून आणावेत? डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे उत्पादन थांबल्याचेही जाहीर झाले. तशी लेखणी आता पुष्कळ कमी पैशांत टॅब्लेटवर चालते. आकार साधारण पाटीएवढाच.