चौकाची भीती ते भीतीची भीती : अ‍ॅगोराफोबिया व पॅनिक विकारावरील मानसोपचाराचा इतिहास

प्रस्तावना

'अ‍ॅगोराफोबिया' या संज्ञेचा अर्थ वर्गात शिकविताना सर्वसाधारणपणे 'मोकळ्या जागेची भीती' असा सांगितला जातो. 'अगोरा' म्हणजे प्राचीन ग्रीक नगरातील बाजाराचा व सभेचा चौक. त्यामुळे शब्दशः हा अर्थ चुकीचा ठरत नाही. मात्र या विकाराने ग्रस्त व्यक्ती मोकळ्या चौकाइतकीच गर्दीची बस, रेल्वेचा डबा, चित्रपटगृह आणि दुकानातील रांगही टाळते. म्हणजे भय जागेचे आहे की जागेत होऊ शकणाऱ्या एखाद्या गोष्टीचे, हा प्रश्न उरतोच. गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर जसजसे बदलत गेले तसतशी उपचारांची दिशाही बदलली. प्रस्तुत लेखात या बदलांचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

वेस्टफाल ते फ्रॉइड

इ. स. १८७१ मध्ये बर्लिनमधील मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी तीन पुरुष रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध करून ही संज्ञा रूढ केली. चौक ओलांडताना किंवा निर्मनुष्य रस्त्याने जाताना या रुग्णांना तीव्र भीती ग्रासत असे. एक वर्ष आधी व्हिएन्नातील मोरिट्झ बेनेडिक्ट यांनी अशाच अवस्थेला 'चौकातील घेरी' म्हटले होते व तिचे मूळ शारीरिक मानले होते. वेस्टफाल यांनी घेरीपेक्षा भयाला प्राधान्य दिले. त्यांचे एक निरीक्षण विशेष मोलाचे आहे. सोबतीला कोणी असल्यास, फार काय, हातात काठी असली तरी रुग्णाची भीती ओसरत असे. या सोबतीचा अर्थ लावण्यास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली.

त्याच वर्षी फिलाडेल्फियाचे वैद्य जेकब मेंडिस द कोस्टा यांनी अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांमध्ये आढळलेल्या 'क्षोभशील हृदया'चे वर्णन केले. धडधड, छातीत वेदना, दम लागणे ही त्याची लक्षणे होत. चौक टाळणारा बर्लिनचा नागरिक आणि छाती धडधडणारा अमेरिकी सैनिक यांचा काही संबंध असावा, असे तेव्हा कोणासही वाटले नाही.

तो संबंध प्रथम सिग्मंड फ्रॉइड यांनी जोडला. १८९५ मध्ये 'चिंता-मज्जाविकृती' ही अवस्था त्यांनी मज्जादौर्बल्यापासून वेगळी काढली व चिंतेच्या झटक्यांचे वर्णन केले. अ‍ॅगोराफोबियाच्या रुग्णास पूर्वीच्या झटक्याची आठवण असते, आणि जेथून सुटका होणार नाही अशा ठिकाणी तो पुन्हा येईल याचेच त्याला भय वाटते, हेही त्यांनी नोंदविले. दुर्दैवाने हे निरीक्षण त्यांच्याच पुढील सिद्धांताखाली झाकले गेले. तथापि १९१८ च्या बुडापेस्ट येथील व्याख्यानात त्यांनी एक प्रांजळ कबुली दिली. असा रुग्ण घरात बसून राहिला तर केवळ विश्लेषणाने भागत नाही. त्याला रस्त्यावर जाऊन भीतीशी झुंजण्यास प्रवृत्त करावे लागते. हे सूत्र ज्यांनी पुढे खऱ्या अर्थाने अमलात आणले ते मनोविश्लेषणाचे कडवे विरोधक होते, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल.

खोलीतून रस्त्यावर

दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पे यांनी मांजरांवर प्रयोग केले. पिंजऱ्यात विजेचा धक्का बसल्याने भेदरलेल्या मांजरांना पिंजऱ्याच्या क्रमशः अधिकाधिक जवळ अन्न दिल्यास त्यांची भीती मावळते, असे त्यांना आढळले. यातून 'क्रमबद्ध असंवेदनीकरणा'ची पद्धत सिद्ध झाली व १९५८ मधील त्यांच्या ग्रंथाने ती सर्वत्र पोहोचली. शरीर शिथिल करून भीतिदायक प्रसंग चढत्या क्रमाने कल्पनेत आणणे हे तिचे स्वरूप होते. एखाद्या प्राण्याच्या भीतीवर ती उपयुक्त ठरली. अ‍ॅगोराफोबियापुढे मात्र ती तोकडी पडली. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील मायकेल गेल्डर व आयझॅक मार्क्स यांनी १९६६ मध्ये तीव्र अ‍ॅगोराफोबियावरील वर्तनोपचाराची नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. तीत वर्तनोपचाराचे पारडे फारसे जड ठरले नाही.

यानंतरच्या दशकात कल्पनेची जागा प्रत्यक्षाने घेतली. रुग्णाने बाजारात जावे, बसमध्ये बसावे आणि भीती ओसरेपर्यंत तेथून निघू नये, हा मार्क्स यांचा आग्रह होता. अँड्र्यू मॅथ्यूज व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये घरच्या घरी, जोडीदाराच्या साहाय्याने करावयाचा कार्यक्रम मांडला. वेस्टफाल यांचे तिन्ही रुग्ण पुरुष होते. या काळातील रुग्णांत मात्र स्त्रियांचे, त्यातही गृहिणींचे प्रमाण मोठे होते. घरात अडकलेल्या रुग्णाकडे उपचारकानेच जावे, हा विचार त्या दृष्टीने महत्त्वाचा होता. विद्यापीठीय वर्तुळाबाहेर ऑस्ट्रेलियातील डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी १९६२ च्या आपल्या स्वमदत-पुस्तकात भीतीशी न झगडता तिला सामोरे जाण्याचा व वेळ जाऊ देण्याचा मार्ग सांगितला होता. संशोधकांनी त्याची दखल उशिरा घेतली. वाचकांनी ती आधीच घेतली होती.

क्लाइन यांचे निरीक्षण व त्याचे परिणाम

न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात १९५९ च्या सुमारास डोनाल्ड क्लाइन यांनी इमिप्रामिन हे नवे औषध चिंताग्रस्त रुग्णांना दिले. काही आठवड्यांनंतरही आपल्याला बरे वाटत नाही, असे रुग्ण सांगत. परिचारिकांनी मात्र वेगळीच गोष्ट टिपली. आता मरणार, अशा भीतीने दिवसातून अनेकदा त्यांच्या कक्षाकडे धावत येणारे रुग्ण येईनासे झाले होते. झटके थांबले होते. पुढील झटक्याची धास्ती आणि बाहेर जाणे टाळण्याची सवय तेवढी शिल्लक होती. यावरून क्लाइन यांनी १९६४ मध्ये निष्कर्ष काढला की, झटका आणि दैनंदिन चिंता या भिन्न जातीच्या गोष्टी असून अ‍ॅगोराफोबिया हा झटक्यांचा दुय्यम परिणाम होय. १९८० च्या अमेरिकी निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत 'पॅनिक विकार' स्वतंत्रपणे अवतरला, तो मुख्यतः या विचारसरणीमुळे. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत तर अ‍ॅगोराफोबिया प्रामुख्याने पॅनिक विकाराचाच उपप्रकार ठरला.

एका औषधाच्या परिणामावरून विकारांची विभागणी करावी काय, हा आक्षेप रास्त आहे. ताप उतरविणाऱ्या गोळीवरून तापाचे कारण ठरविता येत नाही. मार्क्स यांचा विरोध अधिक व्यावहारिक होता. त्यांच्या गटाने लंडन व टोरांटो येथील १५४ रुग्णांवर अल्प्राझोलाम आणि प्रत्यक्ष सामोरे जाण्याचा उपचार यांची तुलना केली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध कमी करून थांबविल्यावर त्याचा लाभ ओसरला, तर दुसऱ्या उपचाराचा लाभ टिकून राहिला. त्याच नियतकालिकात यावर झालेला वाद कडवट होता, आणि तो केवळ शास्त्रीय नव्हता; औषधाच्या बाजारपेठेचा प्रश्न त्यामागे उभा होता.

विचारांचा उपचार

ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये तिसरे उत्तर दिले. धडधड, घेरी, धाप अशा निरुपद्रवी संवेदनांचा रुग्ण 'हृदयविकाराचा झटका आला', 'आता शुद्ध हरपणार' असा विपरीत अर्थ लावतो. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने संवेदना वाढतात आणि हे चक्र झटक्यापर्यंत पोहोचते. अ‍ॅलन गोल्डस्टीन व डायान चॅम्बलेस यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या 'भीतीच्या भीती'ला यामुळे निश्चित यंत्रणा मिळाली. अमेरिकेत ऑल्बनी येथे डेव्हिड बार्लो यांच्या गटाने रुग्णाला त्या संवेदनांनाच सामोरे जावयास लावले. फिरत्या खुर्चीत गिरक्या घेणे, बारीक नळीतून श्वास घेणे, जिने धावत चढणे अशा कृतींनी ती लक्षणे मुद्दाम निर्माण केली जात.

क्लार्क यांच्या १९९४ च्या ६४ रुग्णांवरील चाचणीत बोधात्मक उपचार, शिथिलीकरण व इमिप्रामिन यांची तुलना झाली. सहा महिन्यांनी बोधात्मक उपचार व इमिप्रामिन बरोबरीस होते. औषध बंद केल्यानंतर काही रुग्ण पुन्हा आजारी पडले आणि पंधराव्या महिन्यात बोधात्मक उपचार पुढे राहिला. २००० मध्ये बार्लो व सहकाऱ्यांनी ३१२ रुग्णांचा बहुकेंद्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. औषध व मानसोपचार एकत्र दिल्यास दुप्पट लाभ होईल, ही अपेक्षा त्यात फोल ठरली. उपचार थांबल्यावर इमिप्रामिनची जोड दिलेला गट मागे पडला.

या यशाला एक मर्यादा होती आणि ती पुरेशी चर्चिली गेली नाही. २००० च्या अभ्यासात अ‍ॅगोराफोबिया नसलेले किंवा सौम्य असलेले रुग्णच घेतले होते. ज्यांच्यासाठी मार्क्स व मॅथ्यूज यांनी उपचार घराबाहेर नेला, ते उंबरठा न ओलांडू शकणारे रुग्ण या आकड्यांत नव्हते. झटक्याच्या अभ्यासात टाळणारा माणूस मागे पडला.

दरम्यान पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९९१ मध्ये दाखविले की, भिंतीचा आधार घेणे, खाली बसणे, सोबती बाळगणे या 'सुरक्षा-वर्तना'मुळेच भीती टिकून राहते. आपण वाचलो ते त्या आधारामुळे, असा रुग्णाचा समज होतो. वेस्टफाल यांच्या रुग्णाची काठी अशा रीतीने दिलाशाच्या यादीतून विकाराच्या यादीत गेली. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत अ‍ॅगोराफोबियाला पॅनिक विकारापासून स्वतंत्र निदान म्हणून स्थान मिळाले. त्यासाठी सार्वजनिक वाहने, मोकळ्या जागा, बंदिस्त जागा, रांग वा गर्दी आणि घराबाहेर एकटे असणे, अशा पाच परिस्थिती नमूद असून त्यांपैकी किमान दोहोंची भीती असणे आवश्यक मानले आहे. चौक हा त्या पाचांपैकी केवळ एका परिस्थितीत मोडतो.