इकडून, तिकडून आणि टिळक

“इकडून येणें केव्हां होईल?” हा प्रश्न एका पत्नीनें समोर उभ्या असलेल्या पतीस विचारलेला आहे, हें आजच्या तरुण वाचकांस समजावून सांगावें लागेल. या वाक्यांत ‘तुम्ही’ नाहीं. नांव तर नाहींच नाहीं. येणाऱ्याच्या जागीं ‘येणें’ हेंच कर्ता होऊन बसलें आहे आणि पति ही केवळ एक दिशा उरली आहे. तो दृष्टीआड असला म्हणजे ‘इकडून’चें ‘तिकडून’ होई, इतकेंच.

नांव घेतल्यानें पतीचें आयुष्य कमी होतें अशी समजूत होती खरी. परंतु आमच्या मतें या भाषेचें मूळ वाड्याच्या रचनेंतही शोधिलें पाहिजे. वडील माणसांदेखत नवराबायकोनें दिवसां बोलूं नये असा दंडक असे. तेव्हां बोललेंच तर तें कोणास उद्देशून आहे हें न दिसणेंच सोयीचें. पुरुषही पत्नीचा उल्लेख ‘मंडळी’ किंवा ‘आमचें कुटुंब’ असाच करीत. पतीचें नांव घेण्याची मोकळीक होती ती उखाण्यांत, म्हणजे चारचौघांत, एकांतांत नव्हे! अर्थात् आम्ही बोलत आहों तें पांढरपेशा घरांविषयीं.

या अबोल संसारांत प्रथम शिरला तो धडा. १८७३ सालीं एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानड्यांचें लग्न अकरा वर्षांच्या रमाबाईंशीं झालें आणि त्यांनीं लगेच पत्नीस शिकविण्यास आरंभ केला. घरांतील बायकांनीं या शिक्षणापायीं रमाबाईंचा जो छळ मांडिला, त्याची हकीकत त्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत आहे. पतिपत्नींस बोलावयास विषय मिळाला, हा लाभ कांहीं लहान नव्हे. परंतु हें संभाषण गुरुशिष्यांचें होतें. रानडे रागावून बोलणारे गृहस्थ नव्हते. त्यांची नाराजी मौनानें प्रकट होई, आणि ज्याचें बोलणें हीच विद्या त्याचें न बोलणें शिष्येस किती जड जात असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

सर्वच गुरु असे सौम्य नव्हते. गोपाळराव जोशी यांनीं आनंदीबाईंस शिकविलें तें हट्टानें आणि प्रसंगीं मारून. १८८३ सालीं आनंदीबाई वैद्यकीच्या अभ्यासासाठीं एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथून त्यांनीं पतीस लिहिलेल्या एका पत्रांत अंगावर फेकलेलीं पुस्तकें, लांकडाचा मार, टाकून देण्याच्या धमक्या, या साऱ्यांचा हिशेब शांतपणें मांडिला आहे. तुमचें वागणें बरें कीं वाईट, तर दोन्ही. हेतु पाहतां योग्य, पण मुलीच्या मनावरील परिणाम पाहतां अन्याय्य, असा त्यांचा निवाडा आहे. विशीच्या आंतबाहेरच्या मुलीचा हा समतोल पाहून आम्हीं तरी थक्क झालों. ज्यानें लिहावयास शिकविलें त्यालाच हें लिहून आलें, आणि तें लिहितां यावें म्हणून मध्यें समुद्र असावा लागला. १८८६ सालीं त्या डॉक्टर झाल्या; २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, त्या वारल्या. समोरासमोर असें बोलण्याची वेळ त्या संसारावर किती आली असती, कोणास ठाऊक.

लक्ष्मीबाई टिळकांचें प्रकरण याहून निराळें. १८९५ सालीं नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनीं स्वतः विचार करून १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. मधलीं वर्षें विरहाचीं. तरीही १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या ‘स्मृतिचित्रां’त हीं दोघें भांडतात, रुसतात, एकमेकांस हंसतात, आणि पतीच्या लहरीपणाची लेखिका जी थट्टा करिते तींत भीतीचा लवलेश नाहीं. विशेष हें कीं त्या पतीस सरळ ‘टिळक’ म्हणतात. रुक्ष आडनांवच तें. पण ‘तिकडून’ पासून तेथवर यावयास केवढा प्रवास झाला! आमच्या मतें मराठी संसाराच्या इतिहासांत हा एक शब्द पुष्कळ सभांच्या ठरावांहून मोलाचा आहे.

आतां शहरांतील मुली पतीस नांवानें हांक मारितात, ‘अरे’ म्हणतात. आमच्या मातोश्रींनीं वडिलांस जन्मभर ‘अहो’ म्हटलें; आमचें कुटुंब (जुनाच शब्द वापरितों, क्षमा असावी) आम्हांस एकेरीनें हांक मारितें. परवां विजेचें बिल भरावयास आम्ही विसरलों, तेव्हां मात्र स्वयंपाकघरांतून “अहो, इकडून बिल भरणें केव्हां होणार?” असें स्पष्ट ऐकूं आलें, आणि माजघरांत बसलेल्या आमच्या मातोश्री मोठ्यानें हंसल्या.